परिग्रह आणि परिक्रमा

प्रवासाची तयारी हा व्यवहाराचा विषय आहे, नीतीचा नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. माणसे किती, दिवस किती, शिधा किती, मुक्काम कोठे, या प्रश्नांची उत्तरे नकाशा, दिनदर्शिका आणि जमाखर्चाची वही यांच्या साहाय्याने मिळतात. त्यांसाठी धर्माधर्माचा खल करावा लागत नाही. परंतु काही प्रवास असे असतात की त्यांची यादी करावयास बसले म्हणजे प्रत्येक जिनसेपुढे एक प्रश्नचिन्ह उभे राहते, आणि ते चिन्ह वाण्याला विचारून पुसता येत नाही. आम्हांपुढे सध्या अशी एक यादी आहे. तीत निघालेले प्रश्न आमच्यापुरते नाहीत असे वाटल्यावरून ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

माळव्यात स्थायिक झालेली आम्ही चार मराठी माणसे येत्या प्रबोधिनी एकादशीनंतर नर्मदेच्या परिक्रमेस निघणार आहो. पायी नव्हे. वये साठीच्या पलीकडची, आणि गुडघ्यांविषयी तर बोलावयासच नको. म्हणून एक घरगाडी ठरविली आहे. सरकारी भाषेत जिला 'कॅराव्हॅन' म्हणतात, ती ही. आत निजण्याच्या चार फळ्या, दोन चुलींची शेगडी, लहानसा शीतकपाट, पाण्याची २०० लिटरची टाकी, छतावर सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या काचा, आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड शौचकूप. गाडीबरोबर निमाडचा एक पगारी चालक. अठ्ठावीस दिवसांचा बेत आहे.

चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याकडे नवी असली तरी आता अगदीच परकी राहिलेली नाही. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ साली अशा गाड्यांसाठी धोरणे जाहीर केली. तिचे माहेर मात्र अमेरिका. तेथे मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने, उगमाकडील मिनेसोटापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, दहा राज्यांतून जाणारा 'ग्रेट रिव्हर रोड' नावाचा मार्ग १९३८ पासून आखलेला आहे, आणि त्यावर घरे घेऊन हिंडणारी कुटुंबे हे नित्याचे दृश्य आहे. जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार १९६० साली एका मालमोटारीवर खोली बसवून, कुत्रा बरोबर घेऊन, आपला देश पुन्हा पाहावयास निघाला. गाडीचे नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून ठेवले होते. पवनचक्कीशी झुंजणाऱ्या त्या सरदाराच्या मरतुकड्या घोड्याचे नाव आपल्या वाहनास देणाऱ्या माणसाला स्वतःच्या थाटामाटाकडे पाहून हसता येत होते, हे उघड आहे. आम्हांला तेवढे साधले तरी पुष्कळ झाले.

आता ज्या प्रवासाला हे घर न्यावयाचे तो प्रवास पाहा. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. अमरकंटकापासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत एक काठ आणि तेथून परत दुसरा, असा हिशेब केला तर २६२४ किलोमीटर होतात. गाडीरस्त्याने त्याहून अधिक. परंपरेने या फेरीची मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस अशी सांगितली आहे. नदी सदैव उजव्या हाताला असावी, तिचा मुख्य प्रवाह कोठेही ओलांडू नये, चातुर्मासात एका जागी राहावे, संग्रह करू नये, सदावर्तात मिळेल ते शिजवून खावे, न मिळाल्यास गावात मागावे: असे हे नियम. मराठी वाचकाला हे सर्व गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीपासून परिचयाचे आहे. काठावर परिक्रमावासीयांची गणना माणसांत होत नाही. 'किती मूर्ती आहेत?' असे विचारतात. ज्याच्या दारी मागणारा येतो त्यानेच मागणाऱ्याला मूर्ती म्हणावे, या एका शब्दात त्या काठाचे सारे नीतिशास्त्र आले आहे असे आम्ही समजतो.

हे नियम आणि आमची यादी समोरासमोर ठेवली की विसंगती तत्काळ दिसते. परिक्रमेचा सारा भर 'जवळ काही नसण्या'वर आहे. घरगाडीचा सारा भर 'काही कमी न पडण्या'वर. यादीवर बसलेल्या आमच्या मंडळींत म्हणूनच दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे: आपण पेन्शन खाणारी माणसे. सातपुड्याच्या पायथ्याला ज्याच्या घरी वर्षाचे धान्य पुरत नाही अशा माणसाच्या भाकरीत वाटेकरी होणे यात पुण्य कसले? आपला भार आपण वाहावा, कोणाच्या दारी जाऊ नये, हाच खरा धर्म. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे: मग घरी बसून चित्रफीत पाहावी, नदीकाठच्या माणसाशी ज्याचा काही देण्याघेण्याचा संबंध नाही, त्याने त्या काठाने जाऊन मिळवावयाचे काय?

हा वाद आमच्या बैठकीत निघाला असला तरी तो आमचा नाही. शास्त्रांइतका जुना आहे. परिग्रह म्हणजे साठविणे आणि प्रतिग्रह म्हणजे दुसऱ्याने दिलेले घेणे. दोहोंकडेही आपल्या परंपरेने संशयाने पाहिले आहे. योगसूत्रांनी अपरिग्रहाची गणना यमांत केली. मनुस्मृती प्रतिग्रहाविषयी सांगते की, घेण्याचा अधिकार असला तरी ब्राह्मणाने त्याची सवय लावून घेऊ नये, कारण त्याने त्याचे तेज लवकर शमते. म्हणजे साठविले तर एक दोष आणि घेतले तर दुसरा. या दोन दोषांच्या मधून वाट कोणती? पायी जाणारा परिक्रमावासी परिग्रह टाळतो, पण त्यासाठी प्रतिग्रह पत्करतो. घरगाडीवाला प्रतिग्रह टाळतो, पण त्यासाठी आख्खे घर पाठीवर घेतो. पहिल्याला परंपरेने साधू म्हटले. दुसऱ्याला हल्लीचे लोक स्वावलंबी म्हणतील. स्वावलंबन हा शब्द आपल्या पिढीला फार प्रिय आहे, आणि गांधीयुगात वाढलेल्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्याविषयी वावगे बोलावे हे बरे दिसत नाही. तरीही त्या शब्दाची थोडी झडती घेणे भाग आहे.

झडती पाण्यापासून सुरू करू. आमच्या गाडीची टाकी निघण्याच्या दिवशी पहाटे घरच्या नळावर भरली जाईल. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचे पाणी आहे. मंडलेश्वराजवळच्या जलूद येथे ते उपसतात, विंध्याचा चढ चढवितात आणि सुमारे ७० किलोमीटर दूर आणून आमच्या हौदांत सोडतात. ज्या नदीच्या दर्शनाला निघावयाचे ती चाळीस-पंचेचाळीस वर्षे आमच्या पोटात आहे. एवढेच नव्हे. इंदूरचे सांडपाणी, शुद्ध केलेले असो वा नसो, कान्ह नदीवाटे क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, चंबळेतून यमुनेत आणि शेवटी गंगेबरोबर पूर्वसमुद्राकडे जाते. नर्मदा ही पश्चिमवाहिनी, अरबी समुद्राला मिळणारी. तिचे जे पाणी आम्ही प्यालो ते घरी परत गेलेच नाही; आम्ही त्याला विंध्याच्या पलीकडे उतरवून त्याची दिशाच फिरविली. नदी ओलांडू नये, हा नियम पाळण्यासाठी निघालेल्या आम्हां शहरवासीयांनी नदीलाच पर्वत ओलांडावयास लावले आहे. अशा माणसाने टाकी भरून घेऊन 'आम्ही कोणाचे पाणीसुद्धा मागणार नाही' असे म्हणणे म्हणजे विनोद होय.

दुसरी झडती त्या मागच्या पडद्याआडची. सभ्य नियतकालिकात हा विषय काढू नये असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते या सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली तेथेच आहे. घरगाडी अन्न वाहू शकते, पाणी वाहू शकते, वीज करू शकते. ती एकच गोष्ट करू शकत नाही: आपली घाण आपल्यातच जिरवू शकत नाही. शौचकूपाखालची पेटी सुमारे २० लिटरची. चार माणसांना दोन दिवस पुरते, फार तर तीन. भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी त्याच सुमारास भरते. मग थांबावे लागते, आणि कोणीतरी ते घ्यावे लागते. कितीही संपन्न घर चाकांवर चढविले तरी दर तिसऱ्या दिवशी ते याचक होते. अन्नासाठी नव्हे, तर उत्सर्जनासाठी. स्वावलंबन म्हणून आपण जे मिरवितो त्याचा पुष्कळसा भाग हा असा आहे. घेण्याच्या बाजूचे परावलंबन आम्ही पैसे टाकून मिटविलेले असते. टाकण्याच्या बाजूचे परावलंबन मात्र दिसेनासे करून ठेवलेले असते, आणि ते कोणाच्या तरी उंबऱ्याबाहेर, कोणाच्या तरी ओढ्यात, बहुधा ज्याला नको म्हणता येत नाही अशाच्या वाट्याला गेलेले असते.

मिसिसिपीच्या काठी हा प्रश्न त्यांनी रोखीने सोडविला आहे. तेथे नदीवर बंधारे बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या खात्याचेच तळ आहेत. ठरलेले शुल्क भरावे, विजेची तार जोडावी, पाण्याची नळी जोडावी आणि मैल्यासाठी केलेल्या झाकणाच्या खड्ड्यात टाकी रिकामी करावी. एका जागी सहसा चौदा दिवसांहून अधिक राहू देत नाहीत. या व्यवस्थेला आम्ही नावे ठेवणार नाही. उघड्या व्यवहारात एक प्रामाणिकपणा असतो. घाण किती आणि तिचे मोल किती, हे तेथे निदान पावतीवर लिहिलेले असते. परंतु नर्मदेच्या काठी असा खड्डा ठरलेला नाही, आणि जे मिळते त्याचे मोलही ठरलेले नाही. आश्रमात भाकर खाल्ल्यावर पैसे पुढे केले तर यजमान दुखावतो. 'मैयाचे आहे' असे म्हणतो. तेव्हा पावतीची वाट आपल्याला बंद आहे. उरते ती विचारण्याची.

यात खोल उतरण्यापूर्वी थोडे इतिहासाकडे वळले पाहिजे. कारण नर्मदाकाठी तळ देऊन राहणे ही गोष्ट मराठ्यांस मुळीच नवी नाही. आमच्या मार्गात दक्षिण तीरावर रावेरखेडी लागते. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांचा तेथेच छावणीत अंत झाला. त्यांची समाधी तेथे आहे. अठराव्या शतकातले सैन्य म्हणजे चालते शहरच. बाजारबुणगे, राहुट्या, जनावरे, सारे बरोबर. वरून पाहणाराला ते आमच्या घरगाडीप्रमाणे स्वयंपूर्ण दिसले असते. पण हजारो घोड्यांची वैरण काही पुण्याहून येत नसे. जेथे तळ पडे तेथील उभी शेते त्याची साक्ष देत. त्याच नदीवर, त्याच शतकात, महेश्वरी अहिल्याबाईंचे राज्य झाले, १७६७ ते १७९५. त्यांनी बांधलेले घाट आणि चालविलेली अन्नछत्रे ही जणू त्या वैरणीची परतफेड होय, असे आमच्या मनात अनेकदा येते. इतिहासकारांनी हे मनावर घेऊ नये.

सांगावयाचे ते असे की, या काठाने आजवर दोन प्रकारचे वाटसरू ओळखले. एक न विचारता घेणारा, दुसरा मागून घेणारा. पहिल्याची त्याला भीती वाटे, दुसऱ्याला तो मूर्ती म्हणे. आम्ही तिसऱ्या प्रकारचे निघालो आहो: घेतही नाही, मागतही नाही, काच वर करून पाहतो आणि पुढे जातो. असल्या पाहुण्यासाठी काठापाशी अद्याप शब्द नाही. आपण निरुपद्रवी आहो, एवढेच अशा प्रवाशाचे समर्थन असते. निरुपद्रवीपणा हा सद्गुण आहे खरा. पण तो दगडापाशीही असतो.

मागण्याचा पुरस्कार करताना एका स्थळाचा विसर पडून चालणार नाही. ते म्हणजे शूलपाणीची झाडी. सातपुडा आणि विंध्य जेथे नदीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात त्या अरण्यात भिल्ल लोक परिक्रमावासीयांना लुटीत. भांडे, घोंगडी, अंगावरचे वस्त्रसुद्धा उतरवून घेत. परिक्रमावासी त्यांना 'मामा' म्हणत, आणि ही लूट नर्मदेच्याच इच्छेने होते असे मानीत. जो थोडा संग्रह उरला असेल तोही तिने काढून घेतला, असा त्याचा अर्थ लावीत. आज आम्ही विमा उतरवून निघतो, आणि ज्याला विमा देण्याची सोय आहे त्याला कोणी मामा भेटत नाही. भेटणारही नाही, कारण झाडीच उरली नाही. सरदार सरोवराचे पाणी सुमारे २१४ किलोमीटर मागे पसरले आहे. जुने शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्याखाली गेले, नवे वर बांधले. महाराष्ट्राची ३३, गुजरातची १९ आणि मध्यप्रदेशची १९३, अशी २४५ गावे या जलाशयाच्या बाधित यादीत होती. २०१९ च्या पावसाळ्यात धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला प्रथमच भरले, तेव्हा बडवानीजवळच्या राजघाटावर उभे राहून आपले घर शोधणारी माणसे होती. वरच्या अंगाला इंदिरासागराने २००४ साली हरसूद हे गावच्या गाव उठविले होते. या पाण्याने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागली, हेही सत्य आहे आणि ते लहान नाही. धरणाच्या न्यायान्यायाचा निवाडा या लेखाचा विषय नव्हे. परंतु पूर्वी वाटसरूचे घोंगडे नेणाऱ्याला लुटारू म्हणत. त्याच भिल्लाचे शेत, देव आणि स्मशान गेले त्या क्रियेला मात्र वेगळे नाव आहे. लेखणी हाती असलेल्यांनी या नावांच्या फरकाचा कधीतरी विचार करावा. गाडीरस्ता तर आता त्या बाजूने जातच नाही. बडवानीनंतर तो नदी सोडून शहादे-प्रकाशाकडे, तापीच्या खोऱ्यात उतरतो. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला काही काळ तापीच्या पुण्याईवर राहावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे. घरगाडीला पाणी घेता येते, घाण कोठेतरी नेऊन टाकता येते; पण एक वस्तू तिला कोणत्याच यादीत घालता येत नाही. ती वस्तू म्हणजे जागा. सात मीटर लांब वाहनाला रात्री उभे राहावयास भूमी पाहिजे, आणि ती कोणाची तरी असते: शाळेचे अंगण, देवळापुढचे पटांगण, शेताचा बांध. निमाडात ती बहुधा एखाद्या पुनर्वसन वसाहतीच्या कडेची असेल. म्हणजे ज्याच्याकडून जागाच गेली त्याच्यापाशी आम्ही एका रात्रीपुरती जागा मागणार. ही गोष्ट बैठकीत कोणाच्या तरी तोंडून निघाली आणि बराच वेळ यादी पुढे सरकली नाही.

आमच्यातील कडक स्वभावाच्या एका स्नेह्यांचा आक्षेप येथे नोंदविला पाहिजे. ते म्हणाले, लाखो रुपयांच्या गाडीतून उतरून पदर पसरणे हे नाटक आहे. दरिद्र्याची सोंगे श्रीमंताला स्वस्त पडतात. आक्षेप बिनतोड आहे, आणि भाकरीच्या बाबतीत आम्ही तो पूर्णपणे मान्य केला. शिधा आमचा आम्ही नेऊ. जे जवळ आहे ते नसल्याचे ढोंग करून मागावयाचे नाही. परंतु जागेच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण तेथे सोंग नाही. जागा आमच्यापाशी खरोखरच नाही. ज्या ठिकाणी गरज खरी आहे त्या ठिकाणी न विचारता गाडी उभी करणे हे सैन्याचे वर्तन होईल, आणि गावाबाहेर अंधारात कोणाच्या नजरेस न पडेल अशी उभी करणे हे चोराचे. तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी गावात जाऊन, दोन माणसांना विचारून, नाही म्हटल्यास पुढे जाण्याइतका उजेड शिल्लक ठेवून थांबावयाचे, असे ठरले. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. अंधार पडल्यावर विचारणाराला कोणी नाही म्हणू शकत नाही. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला दान म्हणता येणार नाही.

यातून एकंदर बेताविषयीच आमचे मत हळूहळू बनत गेले. अतिथी या शब्दाची लोकांत रूढ असलेली फोड अशी की, ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. अठ्ठावीस दिवसांचे अठ्ठावीस मुक्काम घड्याळाबरहुकूम आखून निघालेला माणूस पर्यटक असेल, निरीक्षक असेल, वसुली कामगारही असू शकेल; अतिथी तो नव्हे. पण म्हणून बेतच करू नये, हे काही खरे नाही. बेफिकीर माणसाची बेफिकिरी दुसऱ्या कोणाला तरी निस्तरावी लागते. औषधे विसरून निघालेल्या वृद्धासाठी मध्यरात्री ज्याला ट्रॅक्टर काढावा लागतो त्याला विचारा. म्हणून यादीचे आम्ही दोन भाग केले. ज्यायोगे आमचा उपद्रव इतरांस होईल त्याचा प्रबंध अगदी काटेकोर: मैल्याची पेटी कोणत्या शहरात, कोणत्या शुद्धीकरण केंद्राच्या परवानगीने रिकामी होईल, हे अगोदर लिहून घ्यावयाचे, आणि परवानगी न मिळाल्यास त्या टप्प्यात पडद्याआडचा कोपरा बंद ठेवून धर्मशाळेची सोय पाहावयाची, जनित्र न्यावयाचे नाही, घाटावर साबण न्यावयाचा नाही, रात्री नऊनंतर दिवा बाहेर दिसू द्यावयाचा नाही. उलट, ज्यायोगे आम्हांला इतरांची गरज पडेल त्याचा प्रबंध मुद्दाम सैल: मुक्कामांची गावे लिहिलेली नाहीत, वाट दाखविणारे यंत्र गावरस्त्यांवर बंद ठेवावयाचे, आणि दर सहा दिवसांमागे एक दिवस कोराच सोडलेला आहे. या विभागणीला शास्त्राधार आहे की नाही हे आम्ही शोधीत बसलो नाही. शोधला असता तर सापडलाही असता. आपल्या शास्त्रांची ती सोय आहे.

एक गोष्ट स्टाइनबेककडून घेतली. मेन नावाच्या उत्तरेकडील राज्यात बटाट्याच्या काढणीसाठी कॅनडातून फ्रेंच बोलणारी मजूर कुटुंबे येत. आपल्या तळाशेजारी उतरलेल्या अशा एका कुटुंबाला त्याने त्या चिमुकल्या खोलीत बोलावून पाहुणचार केला. घर बरोबर नेण्याचे हे एकच समर्थन आम्हांला पूर्णपणे पटले. घर म्हणजे केवळ निजण्याची जागा नव्हे. घराला दार असते, आणि दारी आलेल्याला आत बोलावता येते. पायी चालणाऱ्या मूर्ती वाटेत भेटतील तेव्हा त्यांना चहा, ताक, पायाला लावावयास तेल, एवढे तरी गाडीतून निघावे. फक्त देणाऱ्याची भूमिका खात्यापित्या माणसाला फार लवकर आवडू लागते, हे ध्यानात ठेवून, ज्या दिवशी आपण कोणापाशी काही मागितले नाही त्या दिवशी दानशूरपणा करू नये, असा एक दंडक सुचविण्यात आला. तो बहुमताने फेटाळला गेला, आणि योग्यच झाले. चहाला असले हिशेब नकोत.

सर्वांत अवघड ठरला तो भरूचचा पूल. नदी मुखाशी इतकी विस्तीर्ण होते की परिक्रमावासी दक्षिणेच्या विमलेश्वराहून नावेत बसून, समुद्राच्या अंगाने, उत्तरेच्या मिठी तलाईला उतरतो. अशा रीतीने तो नदी ओलांडीत नाही, तिला वळसा घालतो. गाडी नावेत मावत नाही. ती पुलावरूनच पलीकडे न्यावी लागते. भरूचला पूल आहेत. इंग्रजांच्या अमदानीतला १८८१ चा आहे, २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झालेला तारांवर तोललेलाही आहे. सोय उत्तम. म्हणजे आम्ही चौघे नावेत बसून नियम पाळणार, आणि तो मोडण्याचे काम महिना ठरवून ठेवलेल्या चालकाकडे देणार. पूर्वीच्या काळी यजमान आपल्या नावाने दुसऱ्याला तीर्थयात्रेस पाठवी व पुण्य स्वतः घेई, हे ठाऊक आहे. पण पाप दुसऱ्याच्या नावे लावण्याची ही रीत त्याहून पुढची दिसते. उत्तर तीरावर धरणाजवळून निघणारा मुख्य कालवा ओलांडला म्हणजे नर्मदा ओलांडली की नाही, असा एक उपप्रश्नही निघाला होता. जलूदच्या नळांनंतर तो विचारण्याचे तोंड आम्हांला उरले नव्हते; सोडून दिला.

आमच्यापैकी एकापाशी जड वाहनाचा परवाना आहे. त्याने पुलावरून गाडी नेण्याची आणि संकल्प खंडित झाला तर होऊ देण्याची तयारी दाखविली. ही गोष्ट चालकास सांगितली तेव्हा त्याने साफ नकार दिला. गाडी त्याच्या जबाबदारीची, ती तो दुसऱ्याच्या हाती देणार नाही. शिवाय समुद्रात नाव हेलकावे खाते आणि त्याला पोहता येत नाही. पुलावरून तो आजवर शेकडो वेळा गेला आहे. त्याचे मागणे निराळेच निघाले: ओंकारेश्वरी संकल्प सोडताना गुरुजींनी चार नावांच्या शेवटी त्याचेही नाव घ्यावे. तसे करण्याचे आम्ही कबूल केले आहे. जो नदी ओलांडणार हे आधीच ठरले आहे त्याचा संकल्प घेता येतो का, हे मात्र गुरुजींना अजून विचारलेले नाही.